केस न झडणारी गुंडी

१४ जून, शनिवार
नाही म्हणजे नाही! सासूबाईंचं सकाळपासून एकच पालुपद. "अय्यो, विठ्ठलाच्या घरात कुत्रं? बेडा गं सुमा, नकोच ते!" मीही हट्टाला पेटले आहे. पूजिता नोकरीला बेंगळूरला गेल्यापासून शिलाई मशीन थांबली की घर अंगावर येतं. यांचं बरं आहे, यांना पेपर आणि भजनी मंडळ पुरतं.

खरी अडचण वेगळीच. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाइकाच्या वेलवेटच्या ब्लाउजवर कुत्र्याचा केस निघाला तर ती बाई पुन्हा पायरी चढेल का? पूजिता फोनवर म्हणाली, "यॉर्कशायर टेरियर बघ, आई. छोटं असतं. केस आपल्यासारखे वाढत जातात, झडत नाहीत फारसे." म्हणजे कापड निवडावं तसं कुत्रं निवडायचं. हे मला जमेल.

२१ जून, शनिवार
जयलक्ष्मीपुरमला एक पिल्लू पाहून आले. तळहातावर मावेल एवढं. विकणारा म्हणे, "टीकप साइज, मॅडम! अजून वाढणारच नाही!" डोळे चिकटलेले, अंग थरथरतंय. याची आई दाखवा म्हटलं तर म्हणतो, गावाला आहे. आई गावाला! तशीच परत आले. पण ते थरथरणं काही डोळ्यांपुढून जाईना.

२४ जून, मंगळवार
आणली! कडकोळच्या वरलक्ष्मींकडून. त्या घरातच पाळतात. आई समोर बसलेली, पिल्लं तिच्या अंगावर लोळतायत. प्रश्न विचारायला मी गेले होते, पण उलटतपासणी माझीच झाली. घरात कोण कोण? दिवसभर जवळ कोण असतं? मग बजावलं— दिवसाला चार वेळा खाणं, एकही वेळ चुकवायची नाही. एवढ्याशा जिवाच्या रक्तात साखर टिकत नाही, उपाशी राहिलं की कोसळतं. आणि नाहीच जमलं तर मला फोन करा, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

नाव गुंडी. शिंपिणीच्या घरात आणखी काय असणार!

२८ जून, शनिवार
आषाढ लागला. लग्नं बंद, म्हणून ब्लाउजही कमी. सगळा वेळ गुंडीचा. रोज विंचरावं लागतं, नाही तर काखेत गाठी होतात. डोळ्यांवर येणारे केस सॅटिनच्या चिंधीनं बांधते. दिसते गोंडस, पण जात शिकाऱ्याची! बॉबिन घरंगळली की उंदीर असल्यासारखी झडप. दोरा गिळेल म्हणून जमीन सारखी झाडते आहे.

सासूबाई लुगडं आवरून लांबून जातात. मात्र काल मी कपडे वाळत घालत असताना आतून आवाज आला, "ए गुंडी, सुम्ने कूतको!" गप बस म्हणे! कुत्री ऐकते थोडीच.

३ जुलै, गुरुवार
गुंडीनं सासूबाईंच्या जपमाळेचा गोंडा कुरतडला. "या घरात ती तरी राहील नाही तर मी!"

६ जुलै, रविवार
आज आषाढी. आम्ही दोघं पहाटेच देवळात गेलो— यांचं भजन, माझी फुलांची सेवा. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या घरी. गुंडीचं खाणं भिजवून, झाकून ठेवलं होतं. निघताना त्यांना बजावून सांगितलं, अत्या, दोन्ही वेळा फक्त पुढं ठेवायचं. त्यांनी मान हलवली. हो, हलवली!

दुपार कलल्यावर परत आलो. फाटकाशी कागदावर गुंडीचं खाणं आणि गल्लीतला भटका कुत्रा लाल्या ते चाटून पुसून खातोय! आत धावले. गुंडी कटिंगच्या टेबलाखाली आडवी. उचलली तर मान लटकली. हिरड्या पांढऱ्याफटक. मग पाय ताठ करून झटके द्यायला लागली. मी किंचाळले. पंचामृतासाठी काढलेला मध होता, तोच बोटानं हिरड्यांना चोळला. यांनी रिक्षा आणली. रविवार, दोन दवाखान्यांना कुलूप! तिसरा उघडा मिळाला, देवाची कृपा. डॉक्टर सहना म्हणाल्या, "साखर फारच उतरलीय." पायाला सलाइन लावलं. ठेवून घेतलीय.

घरी येऊन विचारलं, खायला का नाही घातलंत? तर म्हणतात, "तीर्थ दिलं की तिला." तीर्थ! रस्त्यावरच्या कुत्र्याला मेजवानी आणि माझ्या पिल्लाला तीर्थ! तोंडाला येईल ते बोलले. मारायलाच निघाला होतात तिला, असंही बोलले.

७ जुलै, सोमवार
गुंडीनं शेपूट हलवली. डॉक्टर म्हणतात, जीव वाचला, पण पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही.

द्वादशी. पारण्याचं ताट वाढलं, सासूबाईंनी हात लावला नाही. दूध तेवढं घेतलं. करा नाटकं! हे मध्ये पडले, "अगं, म्हातारं माणूस." मी म्हटलं, म्हातारं माणूस दावा साधतं तेव्हा जास्त भीती वाटते.

८ जुलै, मंगळवार
गुंडी घरी आली. पायाला पट्टी, चालताना अडखळते. सारखी कडेवर घेऊन बसले. मशीनला हात लावला नाही. उद्या दुकान उघडायचं, परवा माप घ्यायला जायचं— हिला कुणाच्या भरवशावर ठेवू? दाराआडून सासूबाई बघत होत्या. मी दार लोटून घेतलं.

वरलक्ष्मींना फोन केला. जमत नाही, घेऊन जा. हे म्हणताना रडूच फुटलं. उद्या सकाळी येतायत.

९ जुलै, बुधवार
वरलक्ष्मी आल्या. टोपली त्यांच्या हातात दिली आणि सासूबाई धरलेल्या गुडघ्यांसकट दारात आडव्या आल्या! "घरची पोर कुठं घेऊन चाललात?"
"घरची? मग तिचं खाणं लाल्याला का घातलंत?"
"ते बीदी नायी गं, रस्त्यावरचं. त्याला कसली एकादस? ही आपल्या घरात जेवते. आपल्यात जो जेवतो त्याला एकादस लागते की गं! पूजिता नव्हती का धरत? मला काय ठाऊक, एवढ्यानं तिचा जीव जाईल म्हणून..."
वरलक्ष्मी कॉफी पिऊन गेल्या. रिकाम्या हातानं.