घण कोण चालवतं

न्यूअर्क, १४ एप्रिल १६४६

टोबायस भावोजी,

आमच्याच गावाला वेढा घालून बसलेल्या माणसाला खुशाली विचारायची म्हणजे नवलच, तरी विचारते. बरे आहात ना? आम्ही ठीक. भाकरीत निम्मे वाटाणे असतात. तुमच्या पुतणीचे, ऍव्हिसचे, पुढचे दोन दात पडले.

तुम्ही राजाविरुद्ध पार्लमेंटच्या फौजेत गेलात तेव्हापासून जर्व्हिसनी तुमचं नाव काढलं नाही. आताही त्यांना सवड नाही, म्हणून मीच लिहितेय. राजाच्या शिपायांना पगार द्यायला गावातली चांदीची ताटं, पेले सगळं आमच्या दुकानात येतं. पत्त्यांतल्या चौकटीसारखे तुकडे कापायचे, ठशाखाली धरायचे, वरून घण मारायचा. झालं नाणं.

हवालदार पेल रोज नाणी न्यायला येतो.

"काय वहिनी, मालक दिसत नाहीत?"

"घसा बसलाय. माणसांत येत नाहीत."

"घण तर जोरात चालतो!" असं म्हणून हसतो. मी नाण्यांची थैली पुढे सरकवते.

काल तो मागच्या दाराने आला. घण माझ्या हातात होता.

त्याने दुकानभर पाहिलं, मग अंगणातल्या उकरलेल्या मातीकडे. "कधी?"

"नऊ दिवस झाले."

"प्लेग?"

मी मान डोलावली. तो उंबऱ्याबाहेर सरकला.

भावोजी, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हात धजेना. गुरुवारी गाठ आली, शनिवारी तुमचा भाऊ गेला. सांगितलं असतं तर दाराला खिळे ठोकून आम्हा दोघींना आत कोंडलं असतं. शेजारच्या बंद घरातून आधी हाका यायच्या. आता येत नाहीत.

पेल म्हणाला, "पगार थांबला तर माझीच माणसं उलटतील. तेव्हा मी काही पाहिलेलं नाही. पण चांदी शुक्रवारपर्यंतच पुरेल. मग मला सांगावंच लागेल."

कैद्यांच्या अदलाबदलीचा निरोप घेऊन तुमच्या छावणीत जाणाऱ्या नगारेवाल्याबरोबर हे पत्र पाठवतेय. शुक्रवारी पहाटे नदीकडच्या तटावरून ऍव्हिसला दोराने उतरवीन. तुमच्या पहारेकऱ्यांना गोळी झाडू देऊ नका. तिला ताप नाही. रोज सकाळी तिची काख बघते, मान बघते. तरी काही दिवस तिला वेगळं ठेवा.

मी येणार नाही. कालपासून माझी काख दुखतेय. पत्र जाळा आणि हात शिरक्याने धुवा.

लेक तुमच्या पदरात घालून,
तुमची वहिनी
थॉमसिन