खिळ्यावरची रोटी

मार्गिलान, बहुतेक सोमवार

बहराम बाळा,

झुल्हुमोरनं गॅसच्या बटणाला लाल दोरा बांधलाय. दोरा दिसला की तिला, माझ्या सुनेला, हाक मारायची, एवढं मला अजून जमतं. मागे एकदा मी चहात काहीतरी बुडवून खात होते, तर तिनं माझा हात धरला.

"आई, ही कुठून काढलीत?"

भिंतीवरचा खिळा रिकामा होता. रशियाला निघताना तू एक घास चावून ठेवलेली, तू सुखरूप घरी यावास म्हणून टांगलेली, परत येऊन संपवायची रोटी मी खाल्ली होती. झुल्हुमोर पांढरीफटक पडली. त्या दिवसापासून तुझा फोन नाही, आणि आम्ही दोघी तुझं नाव काढत नाही.

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर रोटी होती.

"कालचं काही आठवतंय का, आई?"

"काल काय झालं?" मी म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला.

तुझ्या पुढच्या दातांत फट आहे. या रोटीवर बारीक दातांची सलग ओळ आहे. तू आलास की ती रोटी मुकाट्यानं खा, झुल्हुमोरला काही विचारू नकोस.

हे तुला कळवायला हवं. पण तुझा पत्ता मला आठवत नाही, आणि तो फक्त तिलाच ठाऊक आहे.

तुझी आई