आईच्या दोन गोळ्या

ती. बाबांना पौर्णिमाचा जर्मनीहून जय भीम.

मी बरी आहे. गावी वैशाखऱ्याच्या घरात आता तुमी एकटेच. जेवता ना वेळेवर?

परवा फोनवर तुमी विचारलंत, "लावणीच्या गडबडीत आईच्या दोन गोळ्या चुकल्या, म्हणून ती गेली का गो?" मला रडू आलं, म्हणून आता हे लिहिते.

नाय बाबा. पेशीला एकीच्या दोन व्हायला लावणारं एक एन्झाइम असतं. आईची गोळी त्याच्या खाचेत बसून त्याला अडवायची. दोन वर्षांनी कॅन्सरनं गोळीला न जुमानता दुसरी वाट काढली. त्यात तुमचा दोष नाय.

त्याच एन्झाइमची रचना मी इथे प्रयोगशाळेत रोज कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघते. आईला शेवटचं बघायला मात्र पोचले नाय. त्याची माफी कुणाकडे मागू, बाबा?

तुमची,
पौर्णिमा