दिवाणाची नाव

सौ. निशा हिस,

तू आणि तुझा राग शहाद्याला माहेरी सुखरूप पोचला असालच. ‘तुमच्याने एक खुंटी ठोकवत नाही’ म्हणालीस, म्हणून ग्रंथप्रामाण्य मानून, ‘घरच्या घरी नौकाबांधणी’ वाचत अख्खी नाव बांधली. शहाद्याहून एसटीने काठापर्यंत आलीस की पुढे तिच्यातूनच तुला घरी आणणार होतो.

नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात लोटण्याआधी रेवजी नावाड्याने तिच्यात पाणी भरून पाहिलं. थेंबही गळला नाही. माझी छाती फुगली.

“गुरुजी, पक्की बनली,” तो म्हणाला. “पण पाण्यात नका नेऊ, एका बाजूला झुकते. आमच्या म्हशींना पाणी प्यायला द्या.”

म्हशी समाधानी आहेत. फळ्या मात्र तुझ्या माहेरहून आलेल्या, आपल्या झोपायच्या दिवाणाच्या होत्या. हे वाचून तू येणार नाहीस, म्हणून पत्र न टाकता मीच एसटीने येतोय. वैद्यांनी दोघांना जमिनीवर झोपायला सांगितलंय, एवढंच बोलेन.

तुझा चटईस्थ,
उमाकांत