हातांनी सांगितलेला हुकूम

३ एप्रिल

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

मोबाइलवरची मुंगीएवढी अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून पत्र. आरोग्यमंत्री साथीची माहिती द्यायला उभे राहिले, की सगळा वृद्धाश्रम टीव्हीपुढे जमतो. बाकीचे त्यांचं ऐकतात, मी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तुझे हात बघते. बहिऱ्या आईशी बोलता यावं म्हणून शिकलेली खुणांची भाषा लेक आता देशभरच्या बहिऱ्यांसाठी बोलते, म्हणून मी इथे जरा भाव खाऊन घेते. पण अशी खांबासारखी ताठ उभी राहू नकोस गं, मंत्री काही तुला खात नाहीत!

माझ्या खोलीतल्या शिंपीणबाईंना ताप आलाय. त्यांना समोरच्या खोलीत हलवलंय. गाडी बोलावून रुग्णालयात नेऊ, असं डॉक्टर म्हणाले. मी दारातून हात हलवते, त्या भुवया उडवतात.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच.

तुझी आई

६ एप्रिल

ती. आईस, सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. आज मंत्री काय बोलणार हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, की वृद्धाश्रमातल्या पंचाहत्तरीपुढच्या मंडळींची काळजी त्यांच्या ओळखीच्या वातावरणातच घेतली जाईल. माझे हात हवेतच थांबले. हे मला गोलमोल करून सांगता येईना. समोर कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्यापलीकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांची तू. मी सरळ सांगून टाकलं: म्हातारी माणसं आजारी पडली तर रुग्णालयात नेणार नाहीत.

बाहेर येताच अधिकाऱ्यांनी विचारलं, की मंत्री बोललेच नाहीत ते मी कुठून आणलं. मग मी चुकीचं सांगितलं का, असं मी विचारलं. त्यावर ते उद्यापासून येऊ नका म्हणाले.

शिंपीणबाईंना रुग्णालयात हलवलं का? ताबडतोब कळव. लोभ आहेच, तू फक्त जपून राहा.

तुझी ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पाहिलं मी. माझ्या हातातला कप खाली पडून फुटला. बाकीचे, ज्यांना धड ऐकू येतं ते, निवांत चहा पीत होते. तू सांगितलेलं मी कागदावर लिहून दाखवलं तर हसले. व्यवस्थापकांनी तर मला समजावलं, की आजी, तुमचा काहीतरी घोळ झालाय.

गाडी आलीच नाही. डॉक्टरांनी फोनवर फोन केले, पण वरून मनाई होती. काल सकाळी शिंपीणबाई गेल्या. दारात उभं राहून मी कितीतरी वेळ हात हलवत होते. त्या गेल्या आहेत हे मला दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगितलं.

तेव्हापासून इथे कुणी हसत नाही. तो कागद आता या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. तिघींनी मुलांना बोलावून घेतलं. व्यवस्थापकांनी फाटक अडवलं नाही.

तुझी नोकरी माझ्यापायी गेली, याचं काय बोलू? भेटल्यावर रागाव हवं तर. मी पिशवी भरून ठेवली आहे.

आणखी एक. कालपासून मलाही ताप आहे. मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. उत्तर लिहीत बसू नकोस, नुसती ये.

तुझी आई