पेरिनाचं बूच

कोमिझा,
ईस्टरनंतरचा शनिवार

प्रिय योश्को,

तुझा फोन झाल्यावर बाबा जेवायला बसले आणि खारवलेले मासे भरलेली पोगाचा रोटी दोन घासांत संपवली, म्हणजे राग आला नव्हता. मलाच म्हणाले, "ईस्टरला नाही तर जूनमध्ये येईल. होडी काय पळून जातेय?" ती कुठली पळतेय! दोन उन्हाळे आपली 'पेरिना' किनाऱ्यावर लाकडी टेकूंवर बसून आहे. आजीच्या नावाची होडी ना, तिच्यासारखीच एकदा बसली की उठत नाही.

यंदाही मार्च लागताच त्यांनी ताडपत्री काढली. जुना रंग खरवडला, फळ्यांच्या फटींत डांबरात भिजवलेली सुतळी ठोकली, खालून शेंदरी रंग दिला. गुडघ्यावर बसून काम आणि वर विच्कोकाकांशी तोंडाचा पट्टा. काका म्हणाले, "अरे येर्को, नवरीला सजवतोस तशी सजवतोयस, आणि लग्नाचा पत्ता नाही." बाबांनी ब्रश झाडला तो नेमका काकांच्या विजारीवर. सगळा किनारा हसला. सगळा म्हणजे चार म्हातारे. पूर्वी होडी ढकलायला हाक मारली की चहूकडून माणसं धावायची आणि तू आत बसून तळाच्या भोकात बूच ठोकायचास, आठवतं? तू बूच ठोकून ओरडल्याशिवाय बाबा दोर सोडायचे नाहीत. अजूनही नाहीत. बंदरावरची क्रेन बोलवू म्हटलं तर म्हणतात, "बूच कोण ठोकणार?"

रंग वाळला आणि बूरा सुटला. त्या कोरड्या वाऱ्याने फळ्या सुकल्या, सुतळी सैल झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी समुद्राच्या बादल्या भरून होडीत ओततेय. वर ओली पोती टाकते. लाकूड फुगलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर तू येशील त्या दिवशी ती चाळणी झालेली असेल. गेल्या वर्षीही अशीच ओतत होते, ऑगस्टपर्यंत. पाठ कामातून गेली आहे. शेजारची मातिया म्हणते, "दिंका, लोक टोमॅटोला पाणी घालतात, तू होडीला घालतेस." मी म्हटलं, टोमॅटो निदान लाल तरी होतात. माझा जीव मात्र तुटत होता. वाटायचं, या माणसाची आशा ओली ठेवायला मी नाही तर कोण?

परवा फादर घरी आले होते. बाबा बाहेर गेलेले बघूनच आले असावेत. खूप वेळ माझ्या लिंबाच्या झाडाचं कौतुक केलं आणि मग हळूच म्हणाले, "डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी चर्चपुढे जाळायला यंदा जुनी होडी नाही. तुमचा काही विचार असेल तर..." मी त्यांना दारापर्यंतही सोडायला गेले नाही. आपल्याकडे जुन्या होडीला याहून मोठा मान नाही, हे मलाही कळतं. पण ती राख नव्या होडीच्या तळाशी घालायची असते ना? इथे नवी होडी बांधतंय कोण?

काल सकाळी बादली घेऊन गेले तेव्हा होडीच्या पलीकडून आवाज आले. विच्कोकाकांनी तळाच्या मुख्य लाकडात चाकू खुपसला होता. म्हणाले, "मुठीपर्यंत गेला, येर्को. लोणी झालंय. पोरगा आला तरी ही तरंगणार नाही. आणि पोरगाही येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे." बाबा म्हणाले, "ठाऊक आहे रे. मागच्या वर्षीच कळलं होतं. त्यावर रंग मीच फासलाय. पण दिंका रोज उठून बादल्या ओतते. मी होडी देऊन टाकली तर ती सकाळी उठेल कशासाठी?"

योश्को, मी त्यांच्यासाठी ओतत होते. ते माझ्यासाठी रंगवत होते. मी खोकून पुढे गेले, "सरका जरा" म्हटलं आणि बादली ओतली. आजही ओतली. रडू आलं, पण वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच.

तुला बोल लावत नाही. तिथे तुझं घर आहे, मुलीची शाळा आहे. तू 'येतो' म्हणतोस ते आमच्यावरच्या मायेपोटी, हे समजतं मला. पण आता ती माया पुरे कर. 'आता होडी जाऊ दे' हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघणार नाही, म्हणून तुला लिहितेय. उद्या नको, हे पत्र मिळाल्यावरच्या रविवारी बाबांना फोन कर आणि 'येत नाही' एवढंच म्हण. पुढे जून, ऑगस्ट, नाताळ काही जोडू नकोस. ते "बरं" म्हणतील आणि फोन माझ्याकडे देतील. मीही "बरं" म्हणेन. मग दुसऱ्या दिवशी फादरांकडे कोण जाणार ते आमचं आम्ही ठरवू. सोबतच्या डब्यात बूच आहे, जुन्या कापडात गुंडाळून दिलंय. बाबांना नवं तासायला एक दुपार पुरे. पण ते तासणार नाहीत. हे बूच तुझं आहे, ते काही मी आगीत जाऊ देणार नाही.

तुझीच,
आई