पेन्सिलीचा भागाकार

प्रिय चिमणे,

फोनवर आपण औषधं आणि हवामान सोडून काही बोलत नाही, म्हणून लिहितोय. गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत. आपला सर्फिंग क्लब पुढच्या आठवड्यात नव्या प्रशिक्षक बाईंच्या ताब्यात जाईल. त्यांना जुनं सगळं हवंय, माझ्या वह्यासुद्धा. सामान आवरताना तुझी निळी फळी हाताशी आली. पाय घसरू नये म्हणून लावलेलं वरचं मेण वाळून कडक झालंय, त्यात तुझ्या टाचेची खूण अजून आहे.

ते वजनकाटे आठवतात? पोरांना जमिनीवर पालथं झोपवायचं, दोन्ही तळहातांखाली एकेक काटा, आणि लाटेवर उठतात तसं एका झेपेत पायांवर उभं राहायला लावायचं. काट्यांवर जास्तीत जास्त किती भार पडला ते मी टिपायचो. मोठा शास्त्रज्ञच लागून गेलो होतो! मुलांचे हात दणकट, ती झटक्यात उठतात. मुलींचा भार कमरेपाशी, त्या आधी गुडघा टेकतात, असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगितलं. खरं तर गुडघा नवशिका टेकतो, मग तो मुलगा असो की मुलगी. तू आठव्या वर्षीच तो टेकायचं सोडलं होतंस. फळीवर पाय फाकवून, खाली वाकून अशी उभी राहायचीस की लाट हलायची, तू नाही. तुझा दादा मात्र खांब रोवल्यासारखा ताठ. गुडघे मोड, गुडघे मोड, सतरा वेळा सांगितलं. तो ऐकतोय होय!

संघात तुम्हा दोघांपैकी एकच जाणार होता. निवडीच्या दिवशी दादाचा भार चौऱ्याहत्तर किलो भरला, तुझा एक्कावन्न. वहीत तुझ्या नावापुढे मी शेरा मारला, ‘नुसती धडपड’. तू तो वाचलास, वही मिटून माझ्या टेबलावर ठेवलीस आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेलीस. तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. त्यानंतर समुद्रात पाऊल टाकलं नाहीस. दादानेही दोन वर्षांत नाद सोडला. आता फरशा विकतो, सुखात आहे. आई शेवटपर्यंत म्हणत होती, पोरीशी एकदा बोला तरी. मी म्हणायचो, आकड्यांपुढे माझं काय चालणार?

काल ते पान उघडलं. दादाचं वजन अठ्ठ्याहत्तर, तुझं बावन्न. भाराला वजनाने भागलं की तू त्याच्या पुढे. अंगाच्या मानाने तुझाच जोर जास्त होता.

हा भागाकार मला काल सुचला असं लिहिणार होतो. पण खोटं लिहवेना. तो समासात तेव्हाच केलेला आहे, पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, आणि वरून खोडरबर फिरवलंय. जागा हुकली तर दादा खचेल, आणि तू काय, कुठेही तरशील, असं वाटलं मला. लाज वाटते, चिमणे. वही बाईंकडे जाण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. पान फाडून सोबत ठेवलंय. उजेडात तिरकं धर, आकडे दिसतील. फळी मात्र दिलेली नाही, घरी आणलीय.

तुझाच, तुझ्यावर अन्याय केलेला,
बाबा